बोथट सुरीचा धोका

नवी सुरी घरात आली की ज्येष्ठ मंडळी हमखास बजावतात, 'जपून हं, फार धार आहे.' चार-सहा महिन्यांत धार जाते आणि सगळे निर्धास्त होतात. काळजी खरे तर तिथूनच सुरू व्हायला हवी.

पिकलेला टोमॅटो हे याचे उत्तम उदाहरण. त्याची साल गुळगुळीत आणि चिवट, आतला गर मात्र मऊ. सुरीचे पाते जितके पातळ, तितके लावलेले बल कमी क्षेत्रफळावर एकवटते आणि साल लगेच चिरली जाते. पाते बोथट झाले की तेच बल पसरते. मग हात नकळत जास्त जोर लावतो. साल फाटली तर ठीक, नाहीतर सुरी सालीवरून घसरते आणि तो सगळा जोर शेजारच्या बोटावर उतरतो. नुसते वरून दाबण्यापेक्षा दाबता दाबता सुरी पुढे-मागे ओढली तर बरेच कमी बल पुरते. ताजा पाव दाबून कापला तर चपटा होतो, सुरी हलकेच ओढून कापला तर होत नाही, त्यामागेही हेच आहे.

मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या भाजी चिरली ती विळीवर. विळीचे पाते जागेवर स्थिर, पाटाला पायाचा दाब आणि भाजी दोन्ही हातांत. हलतात ते हात, आणि नजर सतत पात्यावर. स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर आला आणि हातात सुरी आली तेव्हा हा हिशेब उलटला. आता पाते हलते आणि भाजी धरणारा हात स्थिर राहतो. पण जुनी सवय सुटलेली नाही. अनेकजण आजही कांदा किंवा बटाटा डाव्या हातात अधांतरी धरतात आणि सुरी अंगठ्याच्या दिशेने ओढून फोडी थेट पातेल्यात पाडतात. वर्षानुवर्षे असे करणाऱ्यांच्या अंगठ्यावरचे बारीक चरे पाहिले की या पद्धतीची किंमत कळते. विळीवर जे चालते ते सुरीला लावायचे नाही, एवढे पथ्य पाळले तरी बरेच साधेल.

भाजी पाटावर ठेवूनच चिरावी. धरणाऱ्या हाताची बोटे सरळ पसरायची नाहीत, पंजा वळवल्यासारखी आत दुमडायची. टोके मागे, मधली पेरे पुढे आणि अंगठा बोटांच्याही मागे. सुरीच्या पात्याची सपाट बाजू मधल्या बोटाच्या पेराला टेकून वरखाली होते, त्यामुळे धार कुठे आहे हे न पाहताही हाताला कळत राहते. पाते पेराच्या वर उचलायचे नाही, एवढे मात्र सांभाळावे. सुरी धरताना मूठ पार मागे न धरता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पाते जिथे मुठीला मिळते तो भाग पकडला तर ती हातात वळत नाही. पहिले आठ दिवस हे सारे अवघडल्यासारखे वाटते आणि वेळही जास्त लागतो. डावखुऱ्यांनी अर्थातच हात बदलून वाचावे.

गोल भाजी लोळते. गाजर, बटाटा, काकडी, बीट यांचा एका बाजूने पातळ काप काढून ती सपाट बाजू खाली ठेवावी. कांदा आधी उभा अर्धा करून पालथा घालावा. लाल भोपळा आणि सुरण यांच्याशी झटापट करू नये. मोठी, धारदार सुरी घ्यावी आणि दोन्ही हात पात्याच्या वरच राहतील असे पाहावे. भोपळ्यात सुरी अडकली तर ती हिसकून काढणे हा अपघाताचा हमखास मार्ग आहे.

पाट घसरू नये म्हणून खाली ओले फडके अंथरावे. पाट लाकडी किंवा प्लॅस्टिकचा असावा. काचेचा दिसतो छान, पण त्याच्यावर आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर धार लवकर मरते. धारवाला दारावर येईनासा झाला असेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडाही तात्पुरती कामाला येते. धार अंगठ्याने तपासू नये, टोमॅटो त्यासाठीच आहे. साबणाच्या पाण्यात बुडालेली सुरी दिसत नाही, म्हणून ती सिंकमध्ये सोडू नये. हातातून सुटलेली सुरी झेलायला जाऊ नये, पाय मागे घ्यावेत.

धारदार सुरीचा आणखी एक फायदा डोळ्यांना होतो. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातली विकरे गंधकयुक्त घटकांवर काम करून डोळ्यांना झोंबणारे रसायन तयार करतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले की बोथट पात्याने आणि घाईने कापताना कांद्याच्या रसाचे अधिक थेंब, अधिक वेगाने उडतात. डोळ्यांत पाणी आले की नजर धूसर होते आणि सुरी तर चालूच असते.

इतके करूनही बोट कापलेच तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुऊन, स्वच्छ कापडाने जखमेवर थेट दाब द्यावा आणि हात छातीच्या वर धरावा. दाब दहा मिनिटे सलग हवा. थांबले का, हे दर मिनिटाला उघडून पाहिले की गोठू लागलेले रक्त पुन्हा वाहते. बोटात अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढावी. हळद, कॉफी, चहाची पूड जखमेत भरू नये. डॉक्टरांना ती आधी साफ करावी लागते आणि जखम नीट दिसत नाही. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर आवळणे त्याहून वाईट.

जखमेची लांबी फसवी असते. बोटाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या थोडेच खाली, बोट वाकवणारे टेंडन आणि संवेदना नेणाऱ्या नसा असतात. अर्ध्या इंचाच्या कापानेही टेंडन तुटू शकते, आणि तुटलेले टोक तळहाताकडे ओढले जाते. म्हणून रक्त थांबल्यावर बोटाचे प्रत्येक पेर वेगवेगळे वाकते का, सरळ होते का, आणि टोकाच्या दोन्ही कडांना स्पर्श सारखा कळतो का, हे पाहावे. यातले काहीही बिघडले असेल तर वरवर टाके घालून थांबू नये. हाताच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञाला लवकर दाखवावे. पहिल्या काही दिवसांत टेंडन जोडणे सोपे असते, उशीर झाला की अवघड. जोडल्यानंतरही पूर्ण जोराचे काम करायला साधारण १२ आठवडे लागतात.

धनुर्वाताच्या लशीचा पूर्ण क्रम झालेला असेल तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या मात्रेनंतर १० वर्षांपर्यंत पुन्हा इंजेक्शन लागत नाही. माती लागलेली किंवा खोल जखम असेल तर ही मुदत ५ वर्षांची. बोटाचा तुकडाच पडला असेल तर तो स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्यावी. तुकडा थेट बर्फावर ठेवल्यास पेशी गोठून मरतात.