गल्ल्यातले आकडे संगणकात

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन गावी जेम्स रिटी यांचा बार होता. गिऱ्हाइकांनी दिलेले पैसे नोकरच खिशात घालतात, या वैतागातून त्यांनी भावाच्या मदतीने एक यंत्र बनवलं आणि १८७९ साली त्याचं पेटंट घेतलं. तिथून कॅश रजिस्टरचा प्रवास सुरू झाला. आजचं इलेक्ट्रॉनिक रजिस्टर प्रत्येक विक्री स्वतःच्या मेमरीत ठेवतं. मात्र ते संगणकाला जोडलेलं नसेल, तर रात्री दुकान आवरताना कागदी पट्टीवरचे आकडे कुणाला तरी हातानेच भरावे लागतात. एक शून्य चुकलं, की हिशोब जुळेपर्यंत जागरण.

अनेक रजिस्टरांना मागच्या बाजूला नऊ पिनांचं सीरियल पोर्ट असतं. त्यामागची आरएस-२३२ ही पद्धत १९६० सालची. नव्या लॅपटॉपला असं पोर्ट नसल्याने मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लागतो. खरी गंमत पिनांमध्ये आहे. संगणक तीन नंबरच्या पिनेवरून माहिती पाठवतो आणि दोन नंबरच्या पिनेवर घेतो. रजिस्टरची रचनाही तशीच असेल, तर सरळ केबल लावल्यावर दोघंही एकाच तारेवर बोलत राहतात आणि ऐकणारं कुणीच नसतं. अशा वेळी दोन आणि तीन नंबरच्या तारा आपसांत बदललेली ‘नल मोडेम’ केबल लागते. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात.

मग वेग. तो दोन्हीकडे एकच ठेवावा लागतो. एका बाजूला सेकंदाला ९६०० बिट आणि दुसऱ्या बाजूला १९२०० असेल, तर पडद्यावर आकड्यांऐवजी भलतीच चिन्हं उमटतात. ९६००च्या वेगाने सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात; म्हणजे प्रत्येकी चाळीस अक्षरांच्या दोन हजार नोंदी दीड मिनिटाच्या आत उतरतात.

एवढं जमलं तरी गोंधळाची एक जागा उरतेच. रजिस्टर मालाला कोड नंबराने ओळखतं. दुकानदार त्याला पीएलयू म्हणतात. रजिस्टरात १४ म्हणजे तूरडाळ आणि संगणकात १४ म्हणजे अंगाचा साबण असेल, तर पैशांची बेरीज बरोबर येते, पण स्टॉकमधला साबण कागदोपत्री संपतो आणि डाळ विकूनही तेवढीच दिसते. म्हणूनच मालाची यादी एकदाच संगणकात तयार करून तिथूनच रजिस्टरात पाठवणं सोयीचं.

दिवसाअखेरचा रिपोर्टही दोन तऱ्हेचा. ‘एक्स’ रिपोर्ट नुसते आकडे दाखवतो. ‘झेड’ रिपोर्ट ते छापून दिवसाच्या बेरजा शून्यावर आणतो. सवयीने आधी झेड काढला, तर बऱ्याच मशीनमध्ये संगणकाला द्यायला काहीच उरत नाही. त्यामुळे आधी एक्स काढायचा, डेटा उतरवायचा, संगणकातली बेरीज पट्टीशी आणि गल्ल्यातल्या रोकडीशी ताडून बघायची, झेड त्यानंतर.