उन्हाळी सुटी आणि गावचे वाचनालय

मे महिन्याच्या आरंभी शाळांना कुलपे लागली की मालवण किनाऱ्यावरील मुलांचे दिवस रिकामे राहत नाहीत. काजू, आंबे व रातांबे हाताशी आलेले असतात. मुंबईचे चाकरमानी सहकुटुंब गावी उतरलेले असतात. ज्या घरांत पर्यटकांच्या निवासाची व न्याहारीची सोय केलेली आहे, तेथे मुलांच्याही वाट्याला कामे येतात. मच्छिमार कुटुंबांत पावसाळी मासेमारीबंदीपूर्वीची घाई चालू असते. या सहा आठवड्यांत मुले काहीच शिकत नाहीत, असे म्हणणे योग्य होणार नाही. मात्र पुष्कळ घरांत एक गोष्ट या काळात जवळजवळ थांबते, ती म्हणजे वाचन.

या खंडाचा परिणाम सर्व मुलांवर सारखा होत नाही. सातवीतील सराईत वाचक सहा आठवडे न वाचताही निभावून नेतो. दुसरी-तिसरीतील जे मूल नुकतेच अक्षरे जोडून वाक्य वाचू लागले आहे, त्याला रोजच्या सरावाची गरज असते. अक्षर ओळखण्यातच सर्व लक्ष खर्च होत असेल, तर अर्थाकडे लक्ष पुरत नाही. सरावाने ओळख सहज होते व मग मूल अर्थासाठी वाचू लागते. नेमक्या या टप्प्यावर सुटी आली, तर जून महिन्यात शिक्षकांना मागची वाट पुन्हा चालावी लागते.

सिंधुदुर्गात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील मूल घरी मालवणी बोलते. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ ही त्याची भाषा. पाठ्यपुस्तकातील ‘मला’, ‘तुला’, ‘कोठे’ ही शाळेची. मालवणी ही कमी प्रतीची बोली आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’ने तिचे सामर्थ्य साऱ्या महाराष्ट्राला दाखविले आहे. परंतु परीक्षा, अर्ज आणि पुढील सर्व शिक्षण ज्या ग्रांथिक मराठीत चालते, तिच्याशी येथील अनेक मुलांचा संबंध मुख्यतः शाळेतूनच येतो. शाळा मिटली की तो संबंध सैल होतो. अशा वेळी गावचे वाचनालय हीच ग्रांथिक मराठीची एकमेव उघडी जागा उरते.

सुटीतील वाचनाचे महत्त्व परदेशांतही अभ्यासले गेले आहे. बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतील अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सुटीत वाचलेल्या पुस्तकांची संख्या आणि मुलांची प्रगती यांचा निकटचा संबंध तिला आढळला. सुटीच्या काळात सार्वजनिक ग्रंथालयाइतका हातभार अन्य कोणत्याही सार्वजनिक संस्थेचा लागत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मूल ग्रंथालयात जाते की नाही हे घरापासूनच्या अंतरावरही अवलंबून असते, असे तिने दाखविले.

अंतराचा हा मुद्दा आपल्या किनाऱ्याला तंतोतंत लागू पडतो. ग्रंथालयांची परंपरा येथे जुनी आहे. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचे, तर वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय १८७१ सालचे. मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांचे पोंभुर्ले याच जिल्ह्यात आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने शासनमान्य ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला व त्यामुळे लहान गावांतही वाचनालये उभी राहिली. परंतु कर्लीची खाडी आणि समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागच्या मुलाला मालवण शहरातील कपाटे कितीही समृद्ध असली, तरी मे महिन्याच्या उन्हात ती दूरच. तळाशीलच्या मुलाची स्थितीही निराळी नाही. त्याच्यासाठी शहरातील मोठ्या दालनापेक्षा वाडीतील ‘ड’ वर्गाचे छोटे वाचनालय अधिक मोलाचे होय.

जेथे तेही नाही, तेथे पुस्तकांची पेटी पाठविता येते. ही कल्पना नवी नाही. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण केले आणि बडोदे संस्थानात फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. अलीकडच्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचविल्या आहेत. वाडीतील समाजमंदिर, अंगणवाडी अथवा एखाद्या घराची पडवी पेटीला पुरते.

पुस्तके आणावयाची कोठून, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. पुष्कळ शाळांत चांगली बालपुस्तके असतात, पण ऐन सुटीत ती कपाटात बंद राहतात. कारण उघड आहे: जडसंग्रह नोंदवहीतील पुस्तक हरवले तर जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. ही भीती निराधार नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने रीतसर ठराव करून, यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन, पुस्तके सहा आठवड्यांसाठी वाचनालयाकडे सोपवावीत. काही पुस्तके फाटतील, एखादे गहाळही होईल; ठरावातच तशी मुभा ठेवावी. न हाताळलेले पुस्तक सुरक्षित असते, एवढाच त्याचा गुण.

निवड करताना पाठ्यपुस्तकांची पुनरावृत्ती टाळावी. मोठ्या अक्षरांची चित्रपुस्तके, नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील पुस्तके, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, तसेच बालभारतीचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक असे साहित्य मुले आपण होऊन उचलतात. अगदी लहान मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे, मग तीच गोष्ट त्यांना मालवणीत सांगू द्यावी आणि पुन्हा पुस्तकाकडे वळावे. त्यामुळे घरची भाषा ग्रांथिक मराठीकडे नेणारी पायरी ठरते. मुंबईहून आलेली, बहुधा इंग्रजी शाळांत शिकणारी भावंडेही या गोष्टीत सहज मिसळतात. त्यांच्या पालकांनी परतताना दोन मराठी बालपुस्तके वाचनालयास दिली, तर संग्रहात दरवर्षी भर पडेल.

वेळेचा विचारही स्थानिक परिस्थितीनुसार व्हावा. दुपारी उघडून संध्याकाळी लवकर बंद होणारे वाचनालय आमसुले वाळत घालणाऱ्या घरातील मुलीच्या उपयोगाचे नाही. तिला सकाळचा अथवा दिवेलागणीपूर्वीचा तास सोयीचा. वर्गणी व अनामत या मुलांसाठी माफ असावी. ग्रामपंचायतीस तेवढा भार फारसा जड जाऊ नये. स्पर्धा, बक्षिसे व उद्घाटनाचे फलक यांवर खर्च करण्याऐवजी तीच रक्कम पुस्तकांवर खर्च झालेली बरी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुस्तके परत घेण्यास आरंभ करावा. किनाऱ्यावरील दमट हवेत बुरशी व कसर यांना वेळ लागत नाही. म्हणून परत आलेले प्रत्येक पुस्तक कोरड्या वाऱ्यावर सावलीत उघडून ठेवावे, यादीशी ताडून पाहावे आणि पावसाची झड लागण्यापूर्वी, जमिनीपासून वर उचललेल्या व भिंतीपासून थोड्या दूर असलेल्या कपाटात लावावे. नोंदवहीत कोणत्या मुलाने कोणती पुस्तके नेली हे लिहिलेले असतेच. ती वही शाळा उघडताच वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी.