टर्बो गाडी ट्रॅकवर न्यायचीय? मोठा रेडिएटर घेण्याआधी हे वाचा

मे महिना, किनवटला पारा ४३-४४ वर. एसी चालू, गाडीत पाच माणसं, आणि माहूरगडाचा चढ. टेम्परेचरचा काटा मध्यावरून हलला नाही की आपण छातीठोकपणे सांगतो, "आपल्या गाडीचं कूलिंग एक नंबर आहे." मग तीच गाडी घेऊन कुणी निर्मल, हैदराबाद करत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला ट्रॅक डेसाठी जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या लॅपलाच गाडीची ओढ जाते. कधी तर लाल दिवाच लागतो. असं का होतं?

कारण घाटातला त्रास वेगळा आणि ट्रॅकवरचा वेगळा. घाटात गाडी २०-३० च्या वेगाने चढते, रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. तिथे सगळा भार फॅनवर. पण इंजिनची पूर्ण ताकद आपण तिथे क्वचितच काढतो. ट्रॅकवर उलटं. वारा भरपूर, फॅनचा फारसा उपयोग नाही, आणि पाय मात्र १५-२० मिनिटं अ‍ॅक्सिलरेटरवर दाबलेला.

किती उष्णता? चाकणला बनलेली पोलो १.० टीएसआय घ्या. ११० पीएस, म्हणजे साधारण ८१ किलोवॅट. पूर्ण ताकदीवर कूलंटमध्ये जाणारी उष्णता कमीत कमी ५० किलोवॅट धरा. घरचा गीझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे २५ गीझर एकदम चालू! हायवेवर ८०-९० ने जाताना याचा छोटासा हिस्साच तयार होतो, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. टर्बो गाडीत उष्णता तीन ठिकाणी साठते: कूलंटमध्ये, ऑइलमध्ये आणि इंजिनात जाणाऱ्या हवेत. यातली कुठली तुमच्या गाडीला त्रास देतेय हे न बघता मोठा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर बसवणं म्हणजे गुडघा दुखतोय आणि डोक्याला बाम लावणं.

हवेचं आधी बघू. टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना खालचा भाग गरम लागतो ना, तेच. बाहेर ४३ अंश असताना टर्बोने दाब दुप्पट केला, तर हिशोबाने हवा १४० अंशांच्या आसपास जाते. ती गार करायला इंटरकूलर. तोही तापून बसला की ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी स्पार्क उशिरा देतो, बूस्ट कमी करतो. गाडी मेल्यासारखी होते, पण काटा मध्यावरच! पोलोच्या या इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या आतच असतो आणि तो पाण्याने गार होतो. त्या पाण्याचा छोटा रेडिएटर आणि पंप वेगळा. मुख्य रेडिएटर कितीही मोठा करा, या हवेला त्याचा थेट फायदा नाही. ज्या गाड्यांत समोर हवेवर चालणारा इंटरकूलर आहे, तिथे मोठा बसवता येतो. पण तो रेडिएटरच्या पुढे आला तर रेडिएटरला मिळणारा वारा अडतो, आणि तापलेलाही मिळतो. एकीकडे कमावलं, दुसरीकडे गमावलं.

म्हणून पहिला खर्च रेडिएटरवर नाही, ओबीडी रीडरवर करा. ब्लूटूथवाला, मोबाईलला जोडायचा. काट्यावर विश्वास नको. बऱ्याच गाड्यांत कूलंट ८० अंश असो की १००, काटा मुद्दाम मध्यावरच ठेवलेला असतो. रीडरवर कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान दिसतं, काही गाड्यांत ऑइलचंही.

थर्मोस्टॅट काढू नका

आपल्याकडे गाडी तापली की पहिला सल्ला ठरलेला: "थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरू द्या." माझ्या एका मित्राच्या टर्बो पेट्रोलचा असाच काढला होता. गावात गाडी गार राहिली, सगळे खूश. पण इंजिन नीट तापेनाच. इंजिन अजून थंड आहे असं समजून ईसीयू पेट्रोल जास्त सोडत राहिला. अ‍ॅव्हरेज पडलं आणि ऑइलला पेट्रोलचा वास यायला लागला. पेट्रोल मिसळून पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला, जिथे शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो! शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा. थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं आणि जोर लावल्यावर गाडी उलट जास्त तापते. मित्राने शेवटी कंपनीचाच नवा थर्मोस्टॅट बसवला.

दुसरी सवय बोअरचं पाणी ओतायची. त्यातले क्षार आत जमतात, आणि क्षाराचा थर उष्णता अडवतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेलं कूलंटच घ्या. "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला?" हा प्रश्न बरोबर वाटतो, पण कूलंट गंज रोखतं आणि उकळण्याचा बिंदूही वाढवतं. पाणी-ग्लायकॉल निम्मं-निम्मं असेल आणि कॅप साधारण १ बार दाब धरत असेल, तर ते १२५ अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. कॅपचं रबर कडक झालं की हा फायदा गेला. दोन-चारशेची कॅप, पण तिच्यामुळे हेड गॅस्केट जाऊ शकतं.

मग धूळ. कापसाच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर उडणारा कापूस आणि माती एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत अडकते. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ. बंपर काढून, मागून पुढे, हलक्या धारेने धुवा. जोराच्या प्रेशरने फिन्स वाकतात. बंपर आणि रेडिएटरमधल्या मोकळ्या फटी फोमने बंद करा, म्हणजे वारा बाजूने न पळता रेडिएटरमधूनच जाईल. फोमला किंमत जवळपास नाही, गुण मात्र भरपूर.

एवढं करूनही ऑइल १३० अंशांच्या वर जात असेल तर ऑइल कूलर बसवा, पण थर्मोस्टॅटवालाच. आणि पाइपमध्ये काटकसर नको. गरम ऑइलचा पाइप टर्बोजवळ फुटला तर आगच. कूलंट ११० च्या पुढे जात असेल तरच मोठ्या रेडिएटरचा विचार.

ट्रॅकवर एसी बंद ठेवा. तापमान चढलं तर पाय उचला आणि हीटर फुल करा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. शेवटचा लॅप हळू मारा. आल्याआल्या इंजिन बंद केलं तर टर्बोतलं ऑइल तिथल्या तिथे जळून कोळसा होतं. ब्रेक फ्लुइडही बदलून जा. जुनं, ओलावा शोषलेलं डॉट ४ १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं.

इन्शुरन्सची पॉलिसी काढून बघा: रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यात वगळलेलं असतं. आणि हे आकडे तपासायला माहूरचा घाट वापरू नका, तिथे भाविकांची वर्दळ असते. ट्रॅकवरच पहिल्या सेशनला तीन लॅप मारा, पिटमध्ये या, रीडर बघा, आणि मगच काय विकत घ्यायचं ते ठरवा.