लाल घ्यायचा की निळा? आधी शेजारच्याला विचारा

पोकेमॉनचा नवा गेम आला की एक प्रश्न हमखास येतो: दोनांपैकी कुठला घेऊ? कारण या मालिकेतले मुख्य गेम बहुतेक वेळा जोडीनेच येतात. रेड आणि ब्लू, गोल्ड आणि सिल्व्हर, स्वोर्ड आणि शील्ड, २०२२ मध्ये स्कार्लेट आणि व्हायोलेट. गोष्ट जवळपास तीच, नकाशा तोच, किंमतही तीच. फरक एवढाच की काही प्राणी फक्त एका आवृत्तीत सापडतात आणि काही फक्त दुसरीत.

आपल्याकडे अनेकांनी पोकेमॉन फक्त टीव्हीवर पाहिलाय, म्हणून थोडक्यात सांगते. गेममध्ये तुम्ही रानोमाळ हिंडून प्राणी पकडता, त्यांना वाढवता, झुंजवता. प्रत्येक नव्या प्राण्याची नोंद ‘पोकेडेक्स’ नावाच्या वहीत होते आणि ती वही पूर्ण भरणं हे मोठं काम असतं. एकच आवृत्ती घेतली तर ती वही कधीच भरत नाही.

‘कुठली आवृत्ती चांगली’ हे सांगणारे तक्ते आणि व्हिडिओ ढिगाने आहेत. या लेखात मला असं दाखवायचंय की गेमकडे कितीही निरखून पाहिलं तरी या प्रश्नाचं उत्तर गेममध्ये सापडत नाही. आणि सगळ्यांनी एकच सल्ला ऐकला, तर तो सल्लाच बिघडतो.

आधी हिशोब

पहिली जोडी, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आली. १९९८ मध्ये अमेरिकेत गेली ती रेड आणि ब्लू या नावांनी. त्यात एकूण १५१ प्राणी होते. त्यातला म्यू नेहमीच्या खेळात मिळत नाही, तो सोडून देऊ. राहिले १५०.

आता समजा तुमच्याकडे फक्त रेड आहे आणि तुम्ही कुणाशीही अदलाबदल करत नाही. तुम्हाला काय मिळणार नाही?

पहिला गट: ११ प्राणी रेडमध्ये भेटतच नाहीत. सँडश्रू, व्हल्पिक्स, मियाउथ, पिन्सर ही मंडळी ब्लूची. उलट एकान्स, ग्रोलिथ, सायथर असे ११ फक्त रेडचे.

दुसरा गट: ४ प्राणी असे की अदलाबदल झाल्याशिवाय ते बनतच नाहीत. कडाब्राचा अलाकाझाम व्हायचा असेल तर त्याला एकदा दुसऱ्याच्या गेममध्ये पाठवावंच लागतं.

तिसरा गट: गेम काही ठिकाणी ‘यातलं एकच घे’ म्हणतो. सुरुवातीच्या तीन प्राण्यांपैकी एक घेतला की उरलेल्या दोघांची कुळं, म्हणजे ६ प्राणी, गेले. दोन जीवाश्मांपैकी एक घेतलं की २ गेले. दोन लढवय्यांपैकी एक घेतला की १ गेला. ईव्हीला तीनपैकी एकच रूप देता येतं, म्हणजे २ गेले. बेरीज ११.

११ + ४ + ११ = २६. दीडशेतून २६ गेले, उरले १२४. एकट्याने खेळणाऱ्याची वही इथे थांबते.

आता खरी गंमत. शेजारच्या मित्राकडेही रेडच असेल तरी दुसरा गट सुटतो, कारण अदलाबदल करायला कुठलीही आवृत्ती चालते. त्याने वेगळ्या निवडी केल्या असतील तर तिसऱ्या गटातलेही बरेच मिळतात. पण पहिला गट? रेडवाले शंभर जण एकत्र बसले तरी त्यांच्यात मिळून एकही व्हल्पिक्स निघणार नाही. तिथे ब्लूवाला एक तरी लागतोच.

हे मुद्दाम केलेलं होतं. गेमचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा भागात किडे गोळा करायचे. दोन गेम बॉय जोडणारी केबल पाहिल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं ते त्या वायरीवरून एका यंत्रातून दुसऱ्यात सरपटत जाणारे किडे. वेगवेगळ्या आवृत्त्या काढायची सूचना निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांची. किडे गोळा करणाऱ्या पोरांमध्ये जे आपोआप होतं, ‘तुझ्याकडे हा आहे? मग मला दे, मी तुला तो देतो’, ते इथे कार्ट्रिजमध्येच बसवून दिलं.

दोघांचा खेळ

गेम थिअरीत एक साधं उदाहरण देतात: रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवायची की उजव्या? कुठलीही बाजू चालेल, फक्त सगळ्यांनी तीच निवडायला हवी. पोकेमॉनची निवड याच्या बरोबर उलटी आहे. इथे तुम्ही समोरच्यापेक्षा *वेगळं* निवडलंत तर दोघांचाही फायदा.

दोन मैत्रिणी न बोलता, नाणं उडवून आवृत्ती निवडतात असं समजा. दोघींकडे एकच आवृत्ती येण्याची शक्यता ५० टक्के. तिघी असतील तर तिघींकडे एकच येण्याची शक्यता २५ टक्के. पाच जणींचा गट असेल तर सोळात एक, म्हणजे सुमारे ६ टक्के. गट वाढला की प्रश्न आपोआप सुटत जातो.

पण खरी माणसं नाणं उडवत नाहीत. ती विचारपूस करतात, तक्ते वाचतात, कव्हर बघतात. समजा, एखाद्या गाजलेल्या व्हिडिओमुळे प्रत्येकाने रेड घेण्याची शक्यता ७० टक्के झाली. आता पाच जणांच्या गटात सगळ्यांकडे एकच आवृत्ती येण्याची शक्यता १७ टक्के होते. ९० टक्के लोक रेडकडे झुकले, तर ती थेट ५९ टक्क्यांवर जाते. व्हिडिओ करणाऱ्याने काही खोटं सांगितलेलं नाही, रेडमधले प्राणी कदाचित खरंच सरस असतील. पण ते आता सगळ्यांकडेच आहेत, आणि ज्या एकाने ब्लू घेतला त्याच्या दारात रांग लागलीय.

गेल्या वर्षी कांद्याला भाव मिळाला म्हणून यंदा सगळ्यांनीच कांदा लावला की काय होतं, हे लासलगावच्या बाजारात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तसंच आहे हे.

कव्हरबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवते. रेडच्या कव्हरवर चारिझार्ड आहे आणि ब्लूच्या कव्हरवर ब्लास्टॉइज. पण दोघेही दोन्ही आवृत्त्यांमध्ये मिळतात! सुरुवातीला चार्मँडर घेतला की ब्लूमध्येही चारिझार्ड तुमचाच. म्हणजे ज्या चित्रावरून भांडण होतं, त्याचा पहिल्या गटातल्या त्या ११ प्राण्यांशी काहीच संबंध नाही.

वाकड्या तोंडाचा मासा

एखाद्या गोष्टीची किंमत ती किती जणांकडे आहे यावर ठरते, हे जीवशास्त्रात फार ओळखीचं आहे. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात पेरिसोडस मायक्रोलेपिस नावाचा मासा राहतो. तो दुसऱ्या माशांवर मागून झडप घालून त्यांचे खवले ओरबाडून खातो. त्याचं तोंड एका बाजूला वाकडं असतं. काहींचं उजवीकडे, काहींचं डावीकडे. उजवीकडे वाकलेला मासा सावजाच्या डाव्या कुशीवर हल्ला करतो, डावीकडे वाकलेला उजव्या कुशीवर.

आता सरोवरात उजव्या तोंडाचे मासे जास्त झाले तर सावजं डावी बाजू सांभाळायला लागतात. मग डाव्या तोंडाच्या माशांना पोटभर खायला मिळतं, त्यांची पिल्लं वाढतात, आणि काही वर्षांनी पारडं फिरतं. जपानी संशोधक मिचिओ होरी यांनी १९९३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की दोन्ही प्रकारांचं प्रमाण वर्षानुवर्षं निम्म्याच्या आसपासच वरखाली होत राहतं.

यातलं ‘चांगलं तोंड’ कुठलं? प्रश्नच चुकीचा आहे. चांगलं ते, जे सध्या कमी आहे. याला वारंवारतेवर अवलंबून असलेली निवड म्हणतात.

फरक एवढाच की माशांना हा तोल सापडतो तो काहींच्या उपाशी राहण्यातून, आणि त्याला पिढ्या लागतात. तुम्ही गेम एकदाच विकत घेता. तुमच्याकडे त्या माशांकडे नसलेली एक सोय आहे: घेण्याआधी एकमेकांना विचारता येतं.

इंटरनेटनंतर काय बदललं?

केबलच्या काळात तुमचा गट म्हणजे गल्ली आणि वर्ग. २००६ मध्ये जपानमध्ये आलेल्या डायमंड आणि पर्लपासून इंटरनेटवरून जगभर अदलाबदल करता यायला लागली. आता गट एवढा मोठा आहे की सगळ्यांकडे एकच आवृत्ती असणं अशक्य. प्राण्यांपुरतं बोलायचं तर आवृत्तीचं महत्त्व बरंच कमी झालं.

पण प्रत्येक फरकाची अदलाबदल होत नाही. स्कार्लेटमध्ये प्राध्यापक सादा भेटतात, व्हायोलेटमध्ये प्राध्यापक टुरो. स्वोर्डमध्ये एका जिमची प्रमुख बी आहे, शील्डमध्ये तिच्या जागी ॲलिस्टर. ही माणसं काही वायरीवरून पलीकडे पाठवता येत नाहीत. तेव्हा निवडताना दोन याद्या करा. जे देता-घेता येतं ते सोबत्यांवर सोपवा, जे येत नाही ते आपल्या आवडीवर ठरवा.

ही कंपनीची चलाखी नाही का?

आहे. अपुरी वस्तू विकून दुसऱ्या वस्तूची गरज निर्माण करणं हा धंदाच आहे, आणि ‘दोन्ही घेऊन दे’ म्हणणाऱ्या मुलासमोर आईबाबांची पंचाईत होते. पण जुन्या जोडीत नुसती दोन कार्ट्रिज घेऊनही भागायचं नाही, दोन गेम बॉय आणि केबलही लागायची. इतका खर्च करण्यापेक्षा शेजारचा मित्र कितीतरी स्वस्त! कंपनीने विक्रीसाठी ठेवलेली फट पोरांनी ओळखी वाढवायला वापरली. यातलं एक खरं मानायचं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

त्यामुळे घरात भावंडं असतील तर वेगवेगळ्या आवृत्त्या घ्या, आणि दोघांनाही एकच हवी असेल तर चिठ्ठ्या टाका. नको असलेली आवृत्ती ज्याच्या वाट्याला येईल, त्याच्याकडेच मागायला दुसरा येणार आहे. मित्रांचा गट असेल तर आधी विचारा की कोण काय घेतंय, मग जे कमी आहे ते घ्या. आणि कुणीच ओळखीचं खेळत नसेल, तर मात्र खुशाल कव्हर बघून ठरवा.