छापून आलेला छंद

महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकाकडे पाहण्याची आपल्या सुशिक्षित समाजाची दृष्टी काहीशी थट्टेचीच असते. आईवरील चार कविता, पावसावरील सहा, 'मोबाइल : शाप की वरदान' या विषयावरील एक निबंध आणि उरलेल्या पानांवर पाहुण्यांच्या सत्काराची छायाचित्रे, असा या अंकांचा साचा ठरून गेला आहे, आणि तो साचा खोटा आहे असे त्या अंकांचे संपादकही म्हणणार नाहीत. तथापि याच अंकांत अधूनमधून एखादा लेख असा येतो की, तो लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरेल असे काहीतरी त्यातून मिळालेले असते. अशा लेखाच्या लेखकाला त्याचा जो अभिमान वाटतो तो पोरकट समजून आपण सोडून देतो. तसे सोडून देऊ नये, असे मला वाटते. त्यासाठी एका उदाहरणाचा आधार घेतो.

२०२२-२३ च्या आमच्या अंकासाठी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने बार्शी लाइट रेल्वेवर लेख दिला. हस्तलिखित चौदा पानांचे होते. त्या अरुंद रुळांच्या गाडीत हा मुलगा कधी बसलेला नाही. त्याला समज येईपर्यंत ते रूळ उखडले गेले होते. त्याचे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, एवढेच त्याचे भांडवल. पण सुट्टीच्या दिवशी सायकलवरून जुन्या मार्गाचे भराव, पडक्या चौक्या आणि ओढ्यांवरील लहान पूल शोधत हिंडावे, निवृत्त कामगारांच्या ओसरीवर बसून वहीत टिपणे घ्यावीत, हा त्याचा नाद शाळेपासूनचा होता. वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्या त्याला कधीही पाठ होत नसत.

त्याच्या लेखात काय होते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा हमरस्ता बार्शी गावापासून सुमारे पस्तीस किलोमीटर अंतरावरून गेला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण तिचा माल बैलगाड्यांवर लादून 'बार्शी रोड' स्थानकापर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने येथे २ फूट ६ इंच रुंदीची रेल्वे सुचवली. तिची कंपनी १८९५ मध्ये लंडनला नोंदली गेली आणि १८९७ मध्ये गाडी धावू लागली. पुढे १९०६ मध्ये तिची एक शाखा पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये दुसऱ्या बाजूला लातूर जोडले गेले आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरज. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा मार्ग १९५४ मध्ये सरकारने विकत घेतला आणि २००१ पासूनच्या सुमारे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने तो रुंद झाला.

एवढे कोणीही लिहील. या मुलाच्या लेखाचे सार मात्र निराळ्या ठिकाणी होते. कॅलथ्रॉपची खरी युक्ती रुळांच्या अरुंदपणात नव्हती. ती भाराच्या वाटणीत होती, हे त्याला उमगले होते. एंजिन असो की मालाची वाघीण, चाकांच्या कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, असा दंडक या अभियंत्याने घालून घेतला. भार सर्व आसांवर सारखा पडला की हलका रूळ पुरतो. रूळ हलका म्हणजे त्याखालची बांधणी हलकी, पूल हलके आणि एकूण भांडवली खर्चही बेताचा. मुख्य मार्गासारखी भारी रेल्वे ज्या मुलखाला कधीच परवडली नसती, त्याला रेल्वे मिळाली ती या हिशेबामुळे. भांडवलाची टंचाई असलेल्या प्रदेशाने कोणते तंत्र निवडावे, या प्रश्नावर मी दरवर्षी दोन तासिका खर्च करतो. त्या दोन तासिकांत जे मला पोहोचवता येत नाही, ते या मुलाने मोडक्या पुलांची मापे घेता घेता एकट्याने गाठले होते. आणि गंमत अशी की, त्याने लिहिले ते अर्थशास्त्र आहे याची त्याला कल्पनाही नव्हती.

संपादक मंडळाच्या बैठकीत या लेखावर वाद झाला. आगगाडीवर एवढी पाने कोण वाचणार, असा एका सहकाऱ्यांचा सवाल होता. दुसऱ्यांना त्याऐवजी काही 'प्रेरणादायी' हवे होते. अंक नॅकच्या समितीपुढे ठेवायचा असल्यामुळे कार्यक्रमांची छायाचित्रे कमी करता येणार नव्हती. अखेर पाच छापील पाने मंजूर झाली आणि लेख निम्म्यावर आणण्याचे काम लेखकावरच सोपवण्यात आले.

चार दिवसांनी त्याने संक्षेप आणून दिला. तो पाहून मी थक्क झालो. त्याने आजोबा काढून टाकले होते. त्यांच्या आठवणी, त्यांचा सेवानिवृत्तीच्या दिवशीचा सत्कार, घरात जपून ठेवलेला त्यांचा बिल्ला, हे सारे गेले होते. आसावरचा भार मात्र त्याच्या आकृतीसह पूर्ण होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, आजोबांचं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. हे कोणालाच माहीत नाही." ज्याला स्वतःचा नुसता गौरव हवा असतो, तो आधी विषय कापतो आणि आजोबा ठेवतो. या मुलाचा अभिमान कोणत्या जातीचा होता, हे मला त्या दिवशी कळले.

छापील अक्षराचा आणखी एक गुण आहे. वहीतल्या विधानाला कोणी जाब विचारत नाही. नावानिशी छापलेल्या विधानाला विचारतो. अंक निघाल्यावर पंधरवड्याने कुर्डुवाडीच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याचे पोस्टकार्ड आले. लेख आवडल्याचे एका ओळीत कळवून उरलेल्या जागेत त्यांनी एका थांब्याचे नाव चुकल्याचे दाखवून दिले होते. मुलाला आनंद झाला की वाईट वाटले, हे त्याच्या चेहऱ्यावरून सांगता आले नसते. पुढच्या रविवारी तो कुर्डुवाडीला गेला, ते नाव ताडून पाहिले आणि दुरुस्ती लिहून माझ्या टेबलावर ठेवली. नव्या अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्पालाही श्रेयांक असतात. या त्याच्या खटाटोपाला एकही श्रेयांक नव्हता. पोस्टकार्ड मात्र त्याने मागून घेतले.

अर्थात छंदावर लिहिलेले सारेच छापण्याच्या योग्यतेचे असते, असे नाही. आवडत्या खेळाडूवर किंवा नटावर येणारे लेख पाहावेत. त्यांत प्रेम असते, पण विशेषणांपलीकडे दुसरे काही नसते. आणि आता तर ती विशेषणेही कुठूनतरी आयती उतरवून घेता येतात. अशा लेखकाला मी एकच प्रश्न विचारतो : हे तुला कसे कळले? ज्याचा छंद खरा असतो, त्याच्याकडे या प्रश्नाला लांबलचक उत्तर असते, आणि बहुधा ते उत्तर लेखापेक्षा सरस असते. तेच लिहून आण, असे सांगितले की काम होते.

विद्यार्थ्यांनी आपल्या जिज्ञासेचे विषय छापून समाजापुढे ठेवावेत, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी १८४८ मध्ये मुंबईत जी साहित्य व शास्त्र विषयांची सभा स्थापन केली, तिच्या परिवारातून १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघाले. त्या पिढीने आपले कुतूहल परीक्षेपुरते ठेवले नाही. आगरकरांनीही विद्यार्थिदशेतच, अकोल्यास असताना, 'वऱ्हाड समाचारा'त लिहून हात चालता केला होता. वयाच्या चोविसाव्या वर्षी 'केसरी'चे संपादकपद पेलण्याची शक्ती ऐन वेळी आकाशातून पडलेली नव्हती.

खुद्द कॅलथ्रॉपचेही उदाहरण मासलेवाईक आहे. रेल्वे बांधणाऱ्या या गृहस्थाला घोड्यांचे वेड होते. पुढे त्याने वैमानिकांसाठी पॅराशूट तयार करण्यात आपली बुद्धी खर्च केली, आणि १९२० मध्ये पुस्तक लिहिले ते घोडा या सोबत्यावर. ही माहिती त्या चौदा पानांत होती, पाचांत राहिली नाही. म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

आता थोडे पैशाविषयी. प्रवेशशुल्काच्या पावतीवर 'नियतकालिक' म्हणून एक रक्कम असते. ती लहान असते म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण विद्यार्थिसंख्येने गुणली की ती लहान राहत नाही. अंकाचा खर्च विद्यार्थी करतात, आणि त्यातील सर्वांत गुळगुळीत कागद सत्कारांसाठी राखला जातो. एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाइकाशी असा व्यवहार केला असता तर आपण ग्राहक मंचाकडे धाव घेतली असती. प्रत्येक अंकातील निदान एकतृतीयांश पाने विद्यार्थ्यांनी स्वतः हिंडून, विचारून, मोजून लिहिलेल्या मजकुरासाठी राखावीत, आणि तेवढ्यापुरती छायाचित्रे मागे घ्यावीत, एवढी मागणी अवास्तव नाही. विद्यापीठांच्या नियतकालिक स्पर्धांतही मुखपृष्ठाइतकेच गुण अशा लेखनाला देता येतील.

काटकसरीच्या नावाखाली पुढच्या वर्षी आमचा अंक पीडीएफ रूपात निघाला. शुल्क तेवढेच राहिले. त्या थांब्याच्या नावाची दुरुस्ती त्यात यायची होती, ती जागेअभावी राहिली. पीडीएफला जागेचा अभाव कसा, हा प्रश्न मी बैठकीत विचारला. त्याची नोंद इतिवृत्तात आहे. मुलाने वाट पाहिली नाही. त्याने दुरुस्ती स्वच्छ अक्षरात लिहून भित्तिपत्रकावर लावली आणि तिची एक झेरॉक्स प्रत टपालाने कुर्डुवाडीला पाठवली.