ट्रॉफीच्या आधीची वही : अभियांत्रिकीच्या पुरस्कारांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

"सर, ते आपल्यासाठी नसतं."

नोटीस बोर्डावर एखाद्या स्पर्धेचं किंवा पुरस्काराचं परिपत्रक लावलं, की हे वाक्य मला दरवर्षी ऐकू येतं. तालुक्याच्या गावातून आलेला मुलगा म्हणतो, तशी वर्गात पहिली येणारी मुलगीही म्हणते. परिपत्रक महिनाभर तिथंच राहतं, टाचण्या गंजतात आणि शेवटची तारीख निघून जाते. चांगलं काम करणारी कितीतरी मुलं केवळ ऐकीव गोष्टींमुळे अर्जच भरत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून त्या ऐकीव गोष्टी एकेक करून तपासू या.

गैरसमज १ : नऊच्या वर पॉइंटर असेल त्यालाच पुरस्कार मिळतो.

वस्तुस्थिती : विद्यापीठांची सुवर्णपदकं आणि पारितोषिकं गुणांवर दिली जातात, हे खरंच आहे. ही परंपरा जुनी आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत शिकले. १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एलसीई या स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळालं. बर्कले म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वेचे मुख्य अभियंता. बोरघाटातला रेल्वेमार्गही त्यांच्याच आखणीतला.

पण आज पुरस्कारांचं दुसरं घराणं मोठं झालं आहे, आणि तिथं गुणपत्रिकेवर निकाल ठरत नाही. २०१७ पासून होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये मंत्रालयं, राज्य सरकारं आणि सार्वजनिक कंपन्या आपल्या खऱ्या अडचणी मांडतात. एका कॉलेजच्या सहा जणांचा संघ त्यांवर उत्तर शोधतो. संघात किमान एक मुलगी असावीच लागते. सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत सलग ३६ तास काम चालतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही संघात जागा असते. तिथं एटीकेटी असलेला, पण रात्री तीन वाजता सर्किटमधली चूक हुडकून काढणारा मुलगा संघाचा आधार ठरतो.

गैरसमज २ : हे सगळं आयआयटीवाल्यांसाठी असतं.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या सर्वांत जवळ असलेला दरवाजा म्हणजे 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन. ते २००६ पासून भरतं. सहा विभागांपैकी एक अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाचा आहे. पदवीचे, पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थी वेगवेगळ्या गटांत येतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या मुलाला पीएचडीवाल्याशी झुंजावं लागत नाही. आधी विद्यापीठाची फेरी आणि मग राज्याची, अशी चढण असते.

आशिया-पॅसिफिक भागातली एबीयू रोबोकॉन स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. भारताच्या राष्ट्रीय फेरीत अहमदाबादच्या निरमा विद्यापीठानं अनेकदा बाजी मारली आहे, आणि ते काही आयआयटी नव्हे. २००८ ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात बालेवाडीला झाली तेव्हा विषय होता 'गोविंदा'. दहीहंडी फोडणाऱ्या थरांचं कोडं आशियाभरच्या यंत्रमानवांपुढे टाकलेलं होतं! शिवाय या स्पर्धेत विजेतेपदाखेरीज उत्तम अभियांत्रिकी, उत्तम कल्पना आणि उत्तम रचना यांची वेगळी पारितोषिकं असतात. सामना हरलेला संघही त्यांतलं एखादं घेऊन परततो.

गैरसमज ३ : काहीतरी भव्य, जगावेगळा शोध लावावा लागतो.

वस्तुस्थिती : जेम्स डायसन पुरस्कार जगभरातल्या अभियांत्रिकी आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांना दिला जातो. आंतरराष्ट्रीय विजेत्याला ३०,००० पौंड मिळतात. २०२३ मध्ये तो दक्षिण कोरियाच्या होंगिक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना 'गोल्डन कॅप्सूल'साठी मिळाला. त्यांनी काय केलं? तुर्कस्तान-सीरियातल्या भूकंपानंतर बचावपथकातल्या माणसांना जखमींची सलाइनची पिशवी हातानं उंच धरून चालावं लागत होतं, कारण सलाइन गुरुत्वाकर्षणानं उतरतं. एक हात त्यातच अडकायचा. या मुलांनी ताणलेल्या लवचिक आवरणाचा आणि हवेच्या दाबातल्या फरकाचा उपयोग करून पिशवी उंच न धरताही सलाइन वाहील अशी रचना केली. त्यात वीज नाही, मोटर नाही. अडकून पडलेला एक हात मोकळा करण्याची ही कल्पना होती.

असे अडकलेले हात आपल्याकडेही आहेत. कांदा चाळीत सडतो, एसटी डेपोत वेळापत्रक कोलमडतं, आशाताईंच्या पिशवीतली औषधं उन्हात तापतात. समस्या जितकी नेमकी दिसेल, तितका अर्ज भक्कम होतो.

गैरसमज ४ : मॉडेल चाललं आणि चकचकीत दिसलं की जिंकलो.

वस्तुस्थिती : विद्यार्थ्यांनी बांधलेल्या शर्यतीच्या गाड्यांचं उदाहरण घ्या. फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धेत एकूण १००० गुण असतात. त्यांपैकी ३२५ गाडी जागेवर उभी असताना मिळतात : रचनेचं समर्थन १५०, खर्चाचा हिशेब १०० आणि व्यवसायाची मांडणी ७५. नळीची जाडी इतकीच का घेतली, एका नटाची किंमत किती, हे परीक्षक विचारतात आणि 'सिनियरनी सांगितलं' हे उत्तर तिथं चालत नाही. खडबडीत रस्त्यांच्या गाड्यांची बाहा स्पर्धा आपल्याकडे २००७ मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला सुरू झाली. तिची चार तासांची शर्यत वेगाइतकीच वेल्डिंगची परीक्षा घेते. सांधा कच्चा असेल तर तो चार तास टिकत नाही.

एका जिल्हास्तरीय प्रदर्शनात मी परीक्षक होतो. शेजारीशेजारी दोन टेबलं होती. पहिल्यावर ॲक्रिलिकचं देखणं मॉडेल होतं, दिवे लुकलुकत होते. मी विचारलं, "हा सेन्सर बरोबर दाखवतो हे कशावरून?" मुलांनी गाइड सरांकडे पाहिलं. दुसऱ्या टेबलावर कांदाचाळीतली हवा खेळती ठेवणारा पंखा होता. त्याचा डबा जुन्या टिफिनचा, वायरी पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून आणलेल्या. तोच प्रश्न मी त्या मुलीला विचारला. तिनं पिशवीतून शंभर पानी वही काढली. पंख्याची चाळ आणि बिनपंख्याची चाळ, दोन्हींचं तापमान आणि आर्द्रता सकाळ-संध्याकाळ लिहिलेली. दर आठ दिवसांनी खूण केलेल्या गोणीचं वजन. वहीत हस्ताक्षरं दोन होती.

"कॉलेज असेल त्या दिवशी आई लिहायची," ती म्हणाली.

दोन नोंदींभोवती लाल गोल होते. ते का, असं विचारलं. "त्या दिवशी लाइट नव्हती सर. पंखा बंद होता. म्हणून ते आकडे सरासरीत धरले नाहीत."

त्या दोन लाल गोलांनी निकाल लावला. जो आपल्या मोजमापातली उणीव स्वतः दाखवतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. बाजारातून आणलेला रेडीमेड प्रोजेक्ट आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलेलं ब्लॅक बुक इथंच उघडं पडतं.

गैरसमज ५ : बक्षीस मिळालं, म्हणजे कल्पना आपल्या नावावर झाली.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. प्रमाणपत्र म्हणजे पेटंट नव्हे. उलट, पेटंटसाठी कल्पना नवी असावी लागते. अर्ज करण्याआधीच ती पोस्टरवर, व्हिडिओत किंवा वर्तमानपत्रात सविस्तर आली, तर तिचं नवेपण जाऊ शकतं. केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांसाठी कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण कॉलेजच्या टेकफेस्टला तिचा आधार मिळत नाही.

यावर उपाय आहे. प्रदर्शनाआधी तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल, दाखल करा. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे. तपासणीची फी आणि वकिलाचा खर्च वेगळा. पेटंट मिळालं तर त्याची मुदत अर्जापासून २० वर्षांची असते. स्पर्धेच्या नियमांत 'बौद्धिक संपदा' हा मुद्दा आधी वाचा. डायसन पुरस्कारात हक्क विद्यार्थ्याकडेच राहतो, पण प्रत्येक आयोजक तसंच करेल असं धरून चालू नका.

गैरसमज ६ : 'तुमची निवड झाली आहे' असा मेल आला, म्हणजे मोठा सन्मान झाला.

वस्तुस्थिती : एक माजी विद्यार्थिनी आनंदानं फोन दाखवायला आली. 'युवा अभियंता' म्हणून तिची निवड झाली होती. तिनं अर्जच केला नव्हता. खाली ट्रॉफी, शाल आणि फोटोसाठी काही हजार रुपये भरण्याची लिंक होती. तिचा चेहरा उतरलेला पाहणं मला जड गेलं, पण घरच्यांचे पैसे वाचले.

म्हणून पैसे कधी मागितले जातात ते पाहा. बाहासारख्या स्पर्धेची नोंदणी फी आधी भरावी लागते आणि ती रास्त आहे, कारण ट्रॅक, तपासणी, सुरक्षा यांना खर्च येतो. निवड झाल्यावर मात्र विजेत्याकडूनच ट्रॉफीची किंमत मागत असतील, तर दूर राहा. निकष कोणते, परीक्षक कोण, मागच्या विजेत्यांनी काय काम केलं, या तीन प्रश्नांची उत्तरं खऱ्या पुरस्काराकडे उघड असतात.

गैरसमज ७ : कॉलेज संपलं की संधी संपली.

वस्तुस्थिती : डायसन पुरस्काराला पदवीनंतर चार वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. १९२० मध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ३५ वर्षांच्या आतल्या अभियंत्यांना शाखानिहाय पुरस्कार देते. शांतिस्वरूप भटनागर यांच्या नावाचा सन्मान १९५८ पासून दिला जायचा. आता तो राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत 'विज्ञान युवा' म्हणून दिला जातो आणि त्याची मर्यादा ४५ वर्षांची आहे. म्हणजे चाळिशीतला संशोधकही इथं तरुणच!

बक्षिसाच्या रकमेत यंत्र बाजारात येत नाही, हेही लक्षात घ्या. त्यापुढची पायरी वेगळी असते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना नमुना तयार करण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत करते. तिथंही विचारतात तेच : मोजलं का, किती दिवस, चुकलं तेव्हा काय केलं?

पुलाचा नमुना आपण भार देऊन तपासतो. पुरस्काराचा अर्ज हा आपल्या कामावर दिलेला तसाच भार आहे. आपल्याला न ओळखणारा एक जाणकार माणूस आपलं काम नीट पाहतो, प्रश्न विचारतो, कच्चा सांधा दाखवतो. हे सगळं तो बक्षीस न मिळालेल्यांसाठीही करतो.

या वर्षी परिपत्रक लागलं, तर शेवटची तारीख पाहण्याआधी एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर आजची तारीख टाका आणि पहिलं मोजमाप लिहा. चुकलेल्या नोंदींसाठी एक लाल पेन जवळ ठेवा.