अॅम्प्लिफायर घ्यायचाय? मग तुम्हीही दुकानात चला!

साधा प्रेशर कुकर घ्यायचा तरी आपण चार दुकानं हिंडतो, झाकण फिरवून बघतो, शेजारणीला विचारतो. पण घरात गाण्याचं यंत्र यायचं म्हटलं की सगळा कारभार पुरुषमंडळींचा! आपल्याला विचारतात ते एवढंच, "कुठं ठेवू या गं?"

आमच्याकडेही हेच व्हायचं होतं. हे निवृत्त झाले, माळ्यावरच्या जुन्या तबकड्या खाली आल्या आणि एक दिवस जेवताना यांनी जाहीर केलं, "आता एक भारीपैकी अॅम्प्लिफायर घ्यायचा." किंमत ऐकून माझ्या हातातला घास हातातच राहिला. दीड लाख! जवळजवळ तेवढेच पैसे मी स्वयंपाकघराचा ओटा नवा करण्यासाठी बाजूला ठेवले होते.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. हौस त्यांची खरी होती, आणि खरं सांगायचं तर गाणं मलाही आवडतं. मी म्हटलं, "अहो, घेऊ या. पण आधी मला समजून घेऊ दे, आणि दुकानात मीही येणार." त्यानंतरच्या दोन महिन्यांत जे कळलं, ते मैत्रिणींनो, तुमच्यापुढे ठेवते.

हे यंत्र करतं तरी काय?

तबकडीच्या सुईकडून येणारा विजेचा संकेत अगदी दुबळा असतो, एका व्होल्टचे काही हजारांश एवढाच. सीडीचा किंवा फोनचा त्याहून बराच मोठा, पण स्पीकर हलवण्याइतका जोर त्यातही नसतो. अॅम्प्लिफायर तो जोर पुरवतो. काम एवढंच, पण अट कडक. दूध आटवावं, मात्र करपल्याचा वास लागू नये, तसं आवाज वाढावा पण मूळ गाण्यात काही मिसळू नये.

घरी रेकॉर्ड प्लेयर असेल तर अॅम्प्लिफायरला 'फोनो' अशी वेगळी जोडणी आहे का, ते आधी विचारा. ती नसेल आणि प्लेयरमध्येही तशी सोय नसेल, तर आणखी एक डबी विकत घ्यावी लागते.

वॅटचा मोठा आकडा

दुकानदार पहिल्यांदा वॅटचा आकडा सांगतो. इथेच आपण फसतो. वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात! म्हणजे ५० ऐवजी १०० वॅटचा घेतला तर फरक जेमतेम जाणवेल इतकाच.

घरातल्या स्पीकरची माहिती वाचा. १ वॅट दिला की १ मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ते तिथे लिहिलेलं असतं, बहुधा ८५ ते ९० च्या आसपास. आपलं साधं बोलणं ६० च्या घरात असतं. यावरून लक्षात येईल की दिवाणखान्यात रोजचं ऐकणं एखाद्या वॅटमध्येच भागतं. उरलेली ताकद लागते ती तबल्याची थाप किंवा ताशाचा कडकडाट अचानक येतो तेव्हा. १९७८ साली निघालेला 'नॅड ३०२०' हा अॅम्प्लिफायर एका बाजूला अवघा २० वॅटचा होता, आणि तरी जगभर शौकिनांनी तो आवडीने घेतला.

खोक्यावर 'पीएमपीओ' लिहून हजारांचे आकडे टाकलेले असतील तर तिकडे बघूही नका. 'आरएमएस' म्हणजे सलग देता येणारे वॅट किती आणि किती ओहमच्या स्पीकरला, एवढंच विचारा. तुमचे स्पीकर ४ ओहमचे असतील तर अॅम्प्लिफायरला ते झेपतात का, याची खात्री करून घ्या.

जाती आणि विजेचं बिल

'क्लास ए' जातीचा अॅम्प्लिफायर गाणं बंद असलं तरी वीज खातो आणि तापतो. दोनशे वॅट खाणारा रोज चार तास चालू ठेवला तर महिन्याला २४ युनिटं होतात. 'क्लास एबी' हा मधला, बहुतेक घरांत असतो तो. 'क्लास डी' वीज कमी खातो, थंड राहतो आणि लहान जागेत मावतो. काचेच्या व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर दिसायला फार देखणे, पण व्हॉल्व्ह भाजण्याइतके तापतात आणि काही वर्षांनी बदलावे लागतात. आत शेकडो व्होल्टचा दाब असतो. घरात रांगतं मूल असेल तर सध्या नकोच.

मग भारी किंमत कशाची? जड, दणकट ट्रान्सफॉर्मर, अवघड स्पीकरही लीलया चालवण्याची ताकद, टिकाऊ भाग, देखणी बांधणी. हे खोटं नाही. पण कानाला मिळणारा फरक किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. १९८७ च्या जानेवारीत 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने एका चाचणीचा निकाल छापला. सव्वादोनशे डॉलरच्या आतल्या अॅम्प्लिफायरपासून बारा हजार डॉलरच्या जोडीपर्यंत सगळे, नाव न सांगता, आवाज सारखा ठेवून ऐकवले. ऐकणाऱ्यांना ते खात्रीने ओळखता आले नाहीत! स्पीकर आणि खोली यांनी मात्र फरक पडतो, आणि तो कोणालाही कळतो. म्हणून पैशाचा मोठा वाटा स्पीकरला द्यावा.

दुकानात काय करायचं?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तुमच्या गावातलं एखादं दुकान, या गोष्टी विसरू नका.

आपल्या तोंडपाठ असलेलं गाणं बरोबर न्या. दोन अॅम्प्लिफायर त्याच स्पीकरवर आणि आवाज सारखा ठेवूनच ऐका. जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला 'छान' वाटतो, आणि विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

आवाज अगदी बारीक करायला सांगा. रात्री मुलं झोपल्यावर आपण तसंच ऐकतो ना? तेव्हाही शब्द स्पष्ट यायला हवेत, तंबोरा ऐकू यायला हवा. काही यंत्रांत आवाज बारीक केला की एक बाजू दुबळी पडते.

गाणं बंद करून स्पीकरजवळ कान न्या. खरखर किंवा गुणगुण येते का बघा.

परदेशातून कोणी आणणार असेल तर व्होल्टेज विचारा. जपानचं यंत्र १०० व्होल्टचं आणि अमेरिकेचं १२० चं असू शकतं. ते आपल्या २३० वर तसंच लावलं तर पैसे पाण्यात! आणि दुरुस्ती आपल्या गावात होते का, हेही विचारून ठेवा.

आणखी एक गंमत. वय वाढतं तसे उंच, बारीक स्वर कमी ऐकू येऊ लागतात, आणि हे पुरुषांत सहसा लवकर होतं. म्हणून "तुला यातलं काय कळतं?" असं कोणी म्हणालंच, तर हसून पुढे व्हा!

घरी आणल्यावर

अॅम्प्लिफायर बंद शोकेसमध्ये कोंडू नका. वर क्रोशाचा रुमाल नको, फुलदाणी तर नकोच. वर आणि बाजूंना चांगली वीतभर जागा सोडा. धूळ प्लग काढूनच, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लगच वापरा.

नव्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट यांनी जो गोडवा येतो, तो दहा हजार जास्त मोजूनही येत नाही. आणि आवाज बेतानेच ठेवा. सरासरी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, त्याहून मोठा असेल तर वेळ कमी करायला हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गेलेले कान पुन्हा मिळत नाहीत.

शेवटी आम्ही ५० वॅटचा, 'फोनो'ची जोडणी असलेला अॅम्प्लिफायर पंचेचाळीस हजारांना घेतला. दीड लाखाचाही ऐकला होता. यांनी डोळे मिटून दोन्ही ओळखायचा प्रयत्न केला, पाचापैकी दोनदा बरोबर आले! उरलेल्या पैशांत ओटा झाला.

पण खरा लाभ वेगळाच झाला. पूर्वी गाणं दिवाणखान्यात लागायचं आणि मी ते फोडणीच्या आवाजातून ऐकायची. आता दुपारी ओटा पुसून झाला की मी दोन स्पीकरच्या मधोमध खुर्ची ओढते आणि एक तबकडी पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत ऐकते. त्या वेळी चहा हे करतात!